पोचलास की कळव

सांगली, गुरुवार

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. इकडे सगळे ठीक आहेत. माईचा गुडघा तसाच. कुंडीतल्या लिंबाला पहिली तीन लिंबं धरलीत. पण तुझ्या बँडनं शनिवारी केनियातल्या मोंबासात वाजवून त्याच रात्री गाडीनं नैरोबीला परतायचं, हे काही डोक्यातून जात नाही. पावणेपाचशे किलोमीटरच्या वर आहे ते, सुहास.

टांझानियातल्या तुरियानीच्या साखर कारखान्यात मी गेलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. स्वाहिली येत नव्हती. मिलवरच्या फिटरनं एका शनिवारी लँडरोव्हरमध्ये बसवलं आणि मोरोगोरोला नेलं. उलुगुरू डोंगराच्या पायथ्याचं गाव, मोठा हॉल, आणि स्टेजवर म्बाराका म्विनशेहे. 1972 साल. मोरोगोरो जाझ या बँडचा तो मुख्य गिटारवाला, गाणारा आणि गाणी रचणाराही. आधी गाणं संथ चालायचं, लोक शब्द ऐकत उभे. मग शब्द थांबायचे, तीन-चार गिटारी एकमेकींत गुंतत जायच्या आणि अख्खा हॉल नाचायला लागायचा. त्या भागाला 'चेम्को' म्हणतात, उकळी. तू पाठवलेल्या व्हिडिओत शेवटच्या तीन मिनिटांत तुझ्या पोरांनी तीच उकळी आणली. मी सहा वेळा पाहिला. वरच्या मजल्यावरच्या जोशींनाही बोलावून दाखवला.

दोनच वर्षांपूर्वी, 1970 साली, हा बँड ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात टांझानियाच्या वतीनं वाजवून आला होता. आणि 1973 मध्ये म्बाराका तोच बँड सोडून बाहेर पडला. तिकडे बहुतेक ठिकाणी वाद्यं बँडच्या मालकीची. वाजवणारा निघाला की रिकाम्या हातानं निघायचा. तरी एकोणतिशीच्या आसपास त्यानं सुपर व्होल्केनो उभा केला. तू स्वतःचा बँड काढतोय म्हणालास तेव्हा मी 'नोकरी सांभाळ' एवढंच बोललो होतो. मनात मात्र मला म्बाराकाच आठवला होता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्याचं 'शिदा' गाणं लागलं की मला आधी शिधा ऐकू यायचा. फिटरनं अर्थ सांगितला: अडचण, हाल. त्या दिवसांत दुकानात साबणसुद्धा मिळत नसे, त्यामुळे बॉयलरवरचे लोकही ते गाणं म्हणायचे.

जानेवारी 1979. म्बाराका मोंबासात मोटार अपघातात गेला. चौतीस वर्षांचा होता. बातमी आली त्या दिवशी कँटीनमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही. फिटर हात पुसत बसला होता, हात स्वच्छ होते तरी पुसत होता. मग म्हणाला, सलूम अब्दल्लाही असाच गेला. तोही मोरोगोरोचाच, क्यूबन मारिम्बा बँडचा प्रमुख. 1965 साली, मोटारीतच. एकाच गावाचे दोन्ही मोठे गायक रस्त्यानं नेले. म्बाराका गेला त्याच वर्षी मी परत आलो.

तुला येत्या पाडव्यानंतर पस्तिसावं लागेल.

बघ, परत तिथेच आलो. पण काही गोष्टी ऐकच. कार्यक्रम संपल्यावर अंगात वारं असतं, झोप येत नाही असं वाटतं. ती वाटेतल्या वोई गावाच्या पुढे येते. गाडी चालवणारा त्या रात्री वाजवणारा नसावा. ट्रकच्या मागे तासभर राहावं लागलं तरी राहा. वाद्यं मागे बांधलेली असतील तर ब्रेक उशिरा लागतो. आणि नवी रेल्वे पाच-सहा तासांत पोचवते असं तूच सांगितलं होतंस. स्पीकर गाडीतून जाऊ देत, माणसं रेल्वेनं जाऊ देत. एका रात्रीचं लॉजचं भाडं मी पाठवतो, सगळ्यांचं.

हे पुन्हा भाषण झालं. चुकलं माझं. ताईच्या लग्नात तू म्हणाला होतास, अण्णा पत्रातही मीटिंग घेतात. तेव्हा राग आला होता. तू कामाचा माणूस आहेस, तुझ्यावर सहा पोरांची जबाबदारी आहे, हे मला कळतं. तुझ्याहून लहान होतो तेव्हा मी कारखान्याच्या ट्रकच्या टपावर बसून तो सगळा रस्ता केला होता, रात्री, पावसात. नानांना एकदाही कळवलं नाही. ते काय करत असतील, हा विचार तेव्हा शिवलाही नाही.

तुझ्या आईला मोंबासाचं सांगितलेलं नाही.

तुमचे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा इथे साडेचार झालेले असतात. हॉलमधून निघताना एक मेसेज टाक, वोईला चहाला थांबलात की दुसरा. फोन नको, आईला जाग येईल. मी त्या वेळी उठलेलाच असतो.

तुझा,
अण्णा