कार्टर्सव्हिलचा वकील

अटलांटा

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

भाजणी पोचली. पिशवी एका कोपऱ्याला उसवली होती, पण चकल्या झाल्या, आईला सांगा.

रविवारी फोन उचलला नाही कारण आम्ही कार्टर्सव्हिलला गेलो होतो. इथून तासाभरावरचं गाव. तिथल्या ओक हिल दफनभूमीत एका वकिलाची कबर आहे, आणि त्याची हकिगत तुमच्याशिवाय लिहायची कोणाला?

एमॉस एकरमन. जन्म १८२१, उत्तरेतल्या न्यू हॅम्पशायरचा. डार्टमथ कॉलेजात शिकून दक्षिणेत आला, सव्हानाला बेरियन नावाच्या बड्या वकिलाच्या घरी मुलांना शिकवू लागला. हे बेरियन अध्यक्ष जॅक्सन यांचे अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी होते, म्हणजे पोराला कायद्याचं बाळकडू तिथेच मिळालं. पुढे जॉर्जियातच वकिली. त्याच्याकडे गुलाम होते. राज्यानं अमेरिकेतून फुटून निघू नये असं त्याचं मत होतं, तरी उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटल्यावर तो दक्षिणेच्याच बाजूनं उभा राहिला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला संत कराल.

युद्ध हरल्यावर हा माणूस रिपब्लिकन, म्हणजे लिंकनच्या पक्षाचा झाला आणि काळ्यांच्या मताधिकाराच्या बाजूनं बोलू लागला. गावकऱ्यांनी काय म्हटलं असेल! १८७० मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी त्याला अॅटर्नी जनरल केलं. इथलं हे पद आपल्या महान्यायवादीसारखं नुसतं सल्ला देण्याचं नि कोर्टात सरकारची बाजू मांडण्याचं नाही. त्याच वर्षी न्याय खातं नव्यानं उभं राहिलं, त्याचा पहिला प्रमुख हाच.

आणि समोर कु क्लक्स क्लॅन, गोऱ्यांची गुप्त टोळी. रात्री बुरखे घालून यायचं, काळ्यांना फटके मारायचे, जीवही घ्यायचा. स्थानिक ज्यूरीत त्यांचीच माणसं, साक्षीदार भीतीनं गप्प. तुमच्या त्या खटल्यात सगळे साक्षीदार फितूर झाले तेव्हा तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हतात, ते मला आठवलं. एकरमननं खटले केंद्राच्या न्यायालयात नेले. १८७१ च्या शरद ऋतूत तो स्वतः साउथ कॅरोलिनात जाऊन बसला. ऑक्टोबरात ग्रँट यांनी तिथल्या नऊ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, हेबिअस कॉर्पसच, अटकेला कोर्टात आव्हान द्यायचा हक्कच, स्थगित केला. लष्करानं शेकडो माणसं धरली. तुम्हाला आणीबाणी आठवेल, मलाही वाचताना खटकलं. पण त्या पीडितांना दुसरं दार तरी कोणतं उघडं होतं? तुम्ही वाद घालाल, घाला.

मंत्रिमंडळात मात्र त्याचं तेच ते क्लॅनपुराण ऐकून लोक कंटाळले. परराष्ट्रमंत्री फिश यांनी तर डायरीत तशी कुरकुर नोंदवून ठेवलीय. त्यात रेल्वे कंपन्यांना जमिनींबाबत त्यानं प्रतिकूल मत दिलेलं. डिसेंबर १८७१ मध्ये ग्रँट यांनी राजीनामा मागितला. नेमकं कशामुळे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझं मत रेल्वेकडे झुकतं.

तो कार्टर्सव्हिलला परतला, पुन्हा वकिली करू लागला, १८८० च्या डिसेंबरात गेला. काळा कोट उतरवला नाही, एवढं तुमच्यासारखंच.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, दिवाळीत येताना आणते.

तुमची,
मंजू