रासायनिक पेटंटच्या दाव्यात मोजण्याची पद्धतही हवी

महोदय,

पेटंटच्या दाव्यात (शोधावरील हक्काची व्याप्ती सांगणाऱ्या कलमात) बहुवारिकाचा, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचा (पॉलिमरचा), ‘रेणुभार ५ ते ९ किलोडाल्टन’ (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) एवढेच लिहिलेले असेल, तर जाणकारालाही नेमका बोध होत नाही. कारण रेणूंच्या साखळ्या लहानमोठ्या असल्याने संख्या-सरासरी, वजन-सरासरी आणि रेणुभारांच्या आलेखातील शिखराचा रेणुभार असे तीन वेगळे आकडे एकाच नमुन्यातून निघतात. अमेरिकेत ‘कोपॅक्सोन’ या औषधाच्या पेटंटचे काही दावे फेडरल सर्किट या पेटंटविषयक अपील न्यायालयाने २०१५ मध्ये याच संदिग्धतेमुळे अवैध ठरवले. दाव्यात ‘सुमारे’सारखे सैल शब्द असल्याचा आक्षेपही घेतला जातो; तो मला त्यामानाने गौण वाटतो. कणांच्या सरासरी आकाराबाबतही हाच घोळ होतो. मोजमापाची पद्धत दाव्यातच नमूद करवून घेतल्याशिवाय परीक्षकांनी असे दावे मंजूर करू नयेत, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक