खांद्याच्या व्यायामांबद्दल मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र कालच मिळालं. वरच्या फळीवरचं काही काढताना खांद्यात कळ येते आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, हे वाचून जीव कासावीस झाला. मीही यातून गेलोय. तपासणीत काही फाटलेलं निघालं नाही आणि डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली, हे बरं झालं. पण तू ठरवलेल्या व्यायामांपैकी दोन आजच बंद कर.

पहिला, उभं राहून कोपर बरगडीला टेकवायचं आणि हातातलं डंबेल आत-बाहेर फिरवायचं. मी तो तीन महिने निष्ठेनं केला आणि खांदा होता तसाच राहिला. कारण साधं आहे: वजन खाली ओढतं, हात फिरतो आडवा. म्हणजे ताण दंडावर येतो आणि रोटेटर कफला, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या चार लहान स्नायूंना, काहीच काम उरत नाही.

त्याऐवजी कुशीवर आडवा हो, दुखरा खांदा वर ठेवून. कोपर ९० अंशांत वाकव, बगलेखाली टॉवेलची गुंडाळी धर आणि पोटाजवळची मूठ सावकाश वर आण, हात जमिनीला समांतर होईपर्यंत. आता वजनाची ओढ बरोबर फिरण्याच्या विरुद्ध येते. खवाट्यामागचे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर यातून फार चांगले कामाला लागतात. मला एकच व्यायाम निवडायला सांगितलास, तर मी हाच निवडेन. टॉवेल मात्र विसरू नकोस. त्यानं कोपर भरकटत नाही.

रबरी पट्ट्यानं हेच उभ्यानं करता येतं, कारण पट्टा आडवा ओढतो. प्रवासात तो सोयीचा. फरक इतकाच, की पट्टा ताणेल तसा जड होत जातो आणि सगळा जोर शेवटी लागतो. घाईत तो झटकन सुटू देऊ नकोस, परत येतानाही रोखून धर. तोच पट्टा उलट्या बाजूनं आत ओढलास की पुढच्या सबस्कॅप्युलॅरिसचंही काम होतं.

दुसरा बंद करायचा तो अंगठा खाली करून हात वर नेण्याचा, म्हणजे ‘एम्प्टी कॅन’. फ्रँक जोब या अमेरिकी सर्जननी १९८२ मध्ये सुप्रास्पायनेटस या कफमधल्या वरच्या स्नायूसाठी तो सुचवला आणि तो सगळीकडे रुजला. पण अंगठा खाली गेला की खांद्याच्या हाडाखालची जागा अरुंद होते आणि नेमका दुखरा स्नायुबंध तिथे चिमटतो. अंगठा वर ठेवून, हात अगदी बाजूला न नेता तिथून साधारण ३० अंश पुढे घेऊन खांद्याच्या उंचीपर्यंत उचल. सुप्रास्पायनेटस तेवढाच राबतो आणि खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू कमी मध्ये पडतो.

वजनाबाबत मात्र माझं ऐकच. रोटेटर कफचे हे स्नायू लहान आहेत. दंडाच्या हाडाचा गोळा उथळ खोबणीत मधोमध धरून ठेवणं हे त्यांचं काम. जड उचललंस की मोठे स्नायू पुढे सरसावतात. अर्धा ते एक किलो, पंधरा वेळा, एक दिवसाआड. थकवा चालेल, कळ आली तर थांब. आणि हात उचलेनासाच झाला, तर व्यायाम सोडून आधी डॉक्टरांकडे जा.

रविवारी संध्याकाळी फोन करतो. टॉवेल जवळ ठेव, पहिले पंधरा आपण बरोबरच मोजू.

तुझाच,
जिवलग