दुसऱ्या हाताचं बीपी बघणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

त्या रात्री कॅज्युअल्टीत आम्ही बाबांना 'हार्ट अटॅक' म्हणूनच आणलं होतं. छातीत एकदम कळ आली, ती पाठीत सरकली, अंगाला दरदरून घाम. ईसीजीत ठळक काही नव्हतं. रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच द्या, म्हणून मी तुमच्या मागे लागलो होतो. तुम्ही शांतपणे विचारलंत, "दुखणं हळूहळू वाढलं, की पहिल्या क्षणापासून एवढंच होतं?" मग दुसऱ्या हाताला पट्टा बांधलात. उजव्या हातात वरचं बीपी 180, डाव्या हातात 130. तुम्ही इंजेक्शन थांबवलंत आणि सीटीला फोन लावलात.

महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, आतला थर फाटतो, रक्त भिंतीच्या मधल्या थरात घुसतं आणि स्वतःची वेगळी वाट काढतं, याला 'एओर्टिक डिसेक्शन' म्हणतात, हे मला तुमच्यामुळे कळलं. अशा वेळी रक्त पातळ केलं असतं तर काय झालं असतं, ते नंतर सर्जननी सांगितलं तेव्हा हातपाय गार पडले.

किडनीचा रिपोर्ट यायचा होता. सीटीत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात तो डाय किडनीला त्रास देऊ शकतो; तो द्यायचा की थांबायचं, हा प्रश्न होता. "थांबण्यातला धोका मोठा आहे," असं सांगून तुम्ही सही घेतलीत. तंत्रज्ञदादांचेही मनापासून आभार. आधी डायशिवाय सीटी काढला, कारण भिंतीत साकळलेलं ताजं रक्त त्यात पांढरट दिसतं. मग ईसीजीच्या तारा जोडून, ठोक्यांशी जुळवून डायचा. हृदयाच्या हालचालीने महाधमनीच्या मुळाशी नसलेली चीर भासू शकते, म्हणून ही खटपट. पडद्यावर गोल, पांढऱ्या महाधमनीच्या मधोमध एक बारीक काळी रेघ होती, फाटलेल्या थराची. चीर हृदयाजवळच्या चढत्या भागात, म्हणजे टाइप ए. तिथे सुरुवातीच्या प्रत्येक तासाला जिवाचा धोका एक-दोन टक्क्यांनी वाढतो असं म्हणतात. उतरत्या भागात असती तर बऱ्याचदा बीपी आणि ठोके औषधांनी आवरून भागतं. बाबांना पहाटेच थिएटरमध्ये घेतलं आणि फाटलेला भाग काढून कृत्रिम नळी बसवली.

बाबांनी बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडली होती. वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी हे या आजाराचं सगळ्यात मोठं कारण. पण काही घरांत हा आजार रक्तातूनही येतो, म्हणून आम्हा भावंडांनाही तुम्ही इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावलात. धाकट्याच्या महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या निघाल्या. त्याची महाधमनी सध्या नीट आहे, तपासणी मात्र चालू ठेवायची आहे. त्याबद्दल तुमचे आभार वेगळे मानायला हवेत.

बाबा आता सकाळी फिरायला जातात, गोळी वेळेवर घेतात. पुढच्या सीटीला येऊ तेव्हा तुम्ही ड्युटीवर असाल तर त्यांना तुम्हाला भेटायचंय.

आपला कृतज्ञ,
एका पेशंटचा मुलगा