शिक्षेची सवलत फक्त डॉक्टरांना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रुग्णालयात काही विपरीत घडले की चर्चा डॉक्टरांची होते. सुई टोचलेली असते सिस्टरने, गोळ्यांची पट्टी काढून दिलेली असते फार्मासिस्टने, रक्ताच्या नळीवर नाव चिकटवलेले असते लॅब टेक्निशियनने. या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे की कायदा आता त्यांच्याशी डॉक्टरांपेक्षा कडक वागतो. हे सांगण्यासाठी, आणि त्यांना विम्याचे संरक्षण मिळावे या मागणीसाठी हे पत्र.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) पाहा. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तेच कृत्य नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना झाले तर दोन वर्षांपर्यंत. हा ‘व्यावसायिक’ कोण, ते स्पष्टीकरणात आहे : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य पदवी असलेला आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. नर्सिंग किंवा फार्मसी कौन्सिलची नोंदणी इथे कामाची नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात सगळ्यांनाच कमाल दोन वर्षे होती. अर्थात प्रत्येक चूक गुन्हा ठरत नाही, पण पोलीस ठाण्याची पायरी चढण्यापूर्वी फरक माहीत असलेला बरा.

चुका होतात त्या मोठ्या शस्त्रक्रियेत नव्हे, रोजच्या कामात. इन्सुलिनचेच घ्या. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलीलीटरला ४० युनिटचे, इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधले (पेनात बसणाऱ्या औषधाच्या नळीतले) १०० युनिटचे. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. रात्रपाळीत पेनची सुई सापडत नाही, म्हणून कोणी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत औषध ओढते. ते पाव मिलीलीटर भरते, म्हणजे प्रत्यक्षात २५ युनिट. पहाटे रक्तातली साखर उतरून रुग्ण घामाने थबथबलेला, शुद्ध हरपत चाललेली. आणि फाईलमध्ये ‘१० युनिट दिले’ अशी स्वच्छ नोंद. कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढायचेच नाही, हा नियम वॉर्डात ठळक लावायला हवा. ‘युनिट’ हा शब्दही पूर्ण लिहावा. नुसता इंग्रजी ‘यू’ घाईच्या अक्षरात शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

दुसरा धोका पोटॅशियम क्लोराइडचा, म्हणजे रक्तातले पोटॅशियम कमी झाल्यावर देतात त्या क्षाराचा. १० मिलीच्या अँप्यूलमध्ये (छोट्या बंद कुपीत) २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) असतात. ते सलाईनमध्ये पातळ करून हळूहळूच जायला हवे, थेट शिरेत दिले तर हृदय थांबू शकते. दिसायला अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या भावासारखे. वॉर्डच्या ट्रॉलीत दोन्ही शेजारी ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. ते वेगळ्या कुलूपबंद कप्प्यात असावे आणि काढताना दुसऱ्या सिस्टरने लेबल मोठ्याने वाचावे.

‘डॉक्टरांनी फोनवर सांगितले’ हा बचाव कागदाशिवाय टिकत नाही. फोनवरचा आदेश लिहून घ्यावा, परत वाचून दाखवावा, वेळ टाकावी आणि २४ तासांत डॉक्टरांची सही घ्यावी. चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ, शेजारी सही व वेळ. व्हाइटनर लावला किंवा तक्रार आल्यावर मागील तारखेने ओळ घुसवली, की खरी बाजूही खोटी दिसते.

ग्राहक आयोगातल्या भरपाईचा भार बहुतेक वेळा रुग्णालय उचलते, यावर मात्र विसंबू नये. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात नर्सने दिलेल्या इंजेक्शननंतर बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. रुग्णालय जबाबदार ठरले आणि भरपाई मुलाबरोबर आईवडिलांनाही मिळाली. फौजदारी गुन्हा व कौन्सिलची कारवाई मात्र ज्याची त्यानेच भोगायची. विमा पॉलिसीही दंडाची रक्कम भरत नाही.

आता मूळ मागणी. नाशिकमध्ये मुंबई नाका ते गंगापूर रोड अनेक रुग्णालयांची अशा भरपाईसाठी विमा पॉलिसी असते, पण त्यात परिचारिका, तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांचा समावेश आहे का, हे कर्मचाऱ्याला कोणी सांगत नाही. बहुतेक पॉलिसी दावा येईल त्या दिवशी चालू असावी लागते. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा नोकरी सोडल्यावरही नोटीस येऊ शकते. २०२७ च्या सिंहस्थासाठी कंत्राटी आरोग्य कर्मचारी लागणारच. महापालिका आणि जिल्हा प्रशासनाने नियुक्तीपत्रासोबत विम्याची प्रत द्यावी, त्यात पदाचा स्पष्ट उल्लेख असावा आणि कंत्राट संपल्यानंतरही किमान दोन वर्षे संरक्षण चालू राहावे.

आपले,
रुग्णसेवेतील काही परिचारिका व फार्मासिस्ट, नाशिक