आधी आजीचा जबाब घे

अमळनेर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आप्पा, पाच वर्षांचं लॉ करू की फॉरेन्सिकला जाऊ?" मी स्टँडवर होतो, गलका होता, नुसतं 'बघू' म्हणालो. ते काही उत्तर नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात घोळलं, म्हणून लिहायला बसलो.

मी तीस वर्षं कोर्टात लिपिक होतो, पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मारहाणीची केस होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक म्हातारी उभी, पदराचं टोक दातात धरलेलं. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, भांडण झालं तेव्हा तिथे आणखी कोण होतं? ती म्हणाली, "मन्ही आंडेर व्हती." वकिलांनी पोलिसांनी घेतलेला तिचा जबाब काढला. त्यात लिहिलं होतं, 'माझा मुलगा हजर होता.' आपल्या अहिराणीत आंडेर म्हणजे मुलगी आणि आंडोर म्हणजे मुलगा, लिहून घेणाऱ्याला हा फरक ठाऊक नसावा. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, पण उलटतपासणीत विसंगती दाखवायला तोच जबाब समोर येतो. "बाई, मुलगा की मुलगी? खरं काय ते सांगा." ती गोंधळली. तिला मुलगाच नव्हता गं. मग घाबरून तिने आधी दिलेली खरी उत्तरंही फिरवली. सरकारी वकिलांनी सावरून बघितलं, पण गाठ कुठे बसली आहे हे त्यांनाही कळत नव्हतं. मी खाली बसून कागदांवर पान नंबर टाकत होतो. मला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. पण लिपिकाने मध्ये बोलायचं नसतं. ती पायऱ्या उतरायला लागली तेव्हा मी पाण्याचा ग्लास घेऊन मागे गेलो. तिने घेतला नाही.

ताई, त्या खोलीत आपली बोली कळणारा एक वकील, एक फौजदार हवा होता. तुला ती आजीच्या मांडीवर मिळाली आहे. सातपुड्याकडे धडगाव-अक्कलकुव्याला गेलीस तर भिली, पावरी बोलणारी माणसं भेटतील, त्यांची अडचण याहून मोठी आहे. तू कुठलाही कोर्स घे, पण ऐकलेलं जसंच्या तसं कागदावर उतरवायला जिथे शिकवतात तिथे जा.

आता कॉलेजचं. 'शंभर टक्के नोकरी'वाली जी पत्रकं तू पाठवलीस, ती बाजूला ठेव. क्रिमिनॉलॉजीची, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राची, पदविका घेऊन वकिलीची सनद मिळत नाही. सनदेला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेल्या कॉलेजचीच एलएल.बी. लागते, बारावीनंतर पाच वर्षांची नाहीतर पदवीनंतर तीन वर्षांची. आपल्याकडे त्यासाठी सीईटी द्यावी लागते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत मसुदालेखन, अभिरूप न्यायालय (सरावासाठी लुटुपुटीचा खटला चालवणं) असे विषय प्रत्यक्ष कामाचे म्हणून सक्तीचे आहेत, आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप. मला विचारशील तर कॉलेजची परीक्षा या २० आठवड्यांतच होते. कुठे कुठे नुसता सही-शिक्का आणून फाईल भरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू शेवटच्या वर्षाची पोरं गाठ. त्यांना विचार, तुम्ही स्वतः जामिनाचा अर्ज लिहिलाय का? साक्ष चालू असताना ऐकायला कोर्टात किती वेळा बसलात? उत्तर द्यायला ती अडखळली तर पुढचं कॉलेज बघ.

फॉरेन्सिकचंही मी हसण्यावारी नेत नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे (हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे), झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. माणसं लागणारच. तू सायन्सची आहेस. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. पण खरं सांगू, तुला लॅबमध्ये एकटीला करमेल असं मला वाटत नाही. तू लग्नात ओळख नसलेल्या बायकांशीही तासभर बोलत बसतेस.

न्यायाधीश व्हायचं तू म्हणाली होतीस. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला आधी तीन वर्षं वकिली हवी. उशीर होईल म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. ती म्हातारी कशी गोंधळते हे ज्याने खाली उभं राहून पाहिलंय, त्यानेच वर बसावं. आणि सनदेच्या खर्चाची काळजी करू नकोस. पूर्वी नोंदणीला हजारोंनी पैसे लागायचे, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायद्यातल्या ७५० रुपयांवर ते आणून ठेवले. कॉलेजची फी माझ्या ग्रॅच्युइटीतून भरू, ते ठरलंय.

तुझी आई म्हणते, कोर्ट म्हणजे पुरुषांचा राबता, पोरीने कसं टिकायचं? मी तिला सांगितलं, आपल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटलांनी जळगावच्याच कोर्टात वकिली केली, १९६२ ला आमदार झाल्या, २००७ ला राष्ट्रपती. ती गप्प बसली, पण पटलेलं नाही. तू घरी आलीस की तूच बोल तिच्याशी, माझं ती ऐकत नाही.

सीईटीच्या अभ्यासाबरोबर मराठी टायपिंगचा क्लास लाव. जिल्हा न्यायालयात लिपिकालाही मिनिटाला तीस शब्द मराठी लागतं, आणि स्वतःचा अर्ज स्वतः टाइप करणाऱ्या वकिलाचं कुणावाचून अडत नाही. इथे आलीस की माझ्याबरोबर कोर्टात चल. खुल्या कोर्टात कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं.

आणि एक काम आजच कर. आजीला फोन लाव. आपली विहीर खणली त्या वर्षी काय काय झालं ते विचार. मध्ये बोलू नकोस. ती सांगेल ते अहिराणीत लिही, मग शेजारी प्रमाण मराठीत, आणि दोन्ही तिला वाचून दाखव. ती कुठे कुठे "असं नही" म्हणते ते मला कळव.

तुझे
आप्पा