शहर निवडताना तासाभराचा हिशेब मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महानगरात राहावे की न राहावे, हा वाद वाचकांच्या पत्रांतून वरचेवर निघतो आणि दरवेळी दोन ठरलेल्या बाजूंवर येऊन थांबतो. एकीकडे नोकऱ्या, शिक्षण, इस्पितळे, नाट्यगृहे. दुसरीकडे गर्दी, धूर, गोंगाट आणि न परवडणारी घरे. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. पण दोघेही शहर ही एकसंध वस्तू आहे असे धरून चालतात, आणि घोटाळा तिथेच होतो. अख्ख्या शहरात कुणीच राहत नाही. माणूस एका पत्त्यावर राहतो, आणि त्या पत्त्यावरून रोज जेवढे गाठता येते तेवढेच त्याच्या वाट्याचे शहर. एकाच शहराविषयी दोन शेजाऱ्यांची मते टोकाची असतात याचे कारण बहुतेकदा इथे सापडते.

मोठ्या शहराचा फायदा नेमका कशातून येतो हे आधी पाहू. लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या शहरांची आकडेवारी तपासून २००७ मध्ये जे मांडले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शहराची लोकसंख्या दुप्पट झाली की दरडोई मिळकत, पेटंट वगैरे साधारण १५ टक्क्यांनी वाढतात, आणि रस्ते, केबल यांची माणशी गरज जवळपास तितकीच घटते. मात्र त्याच प्रमाणात गंभीर गुन्हे आणि एड्ससारख्या रोगाचे रुग्णही वाढतात. कारण एकच: माणसांचा माणसांशी येणारा संबंध वाढतो. त्यातून धंदा पसरतो, कल्पना पसरतात, आणि रोगही पसरतो. म्हणून ‘फायदे ठेवू, तोटे काढून टाकू’ ही भाषा फसवी आहे. तोटे आटोक्यात आणता येतात, पण त्यासाठी वेगळी व्यवस्था उभारावी लागते. ते आपोआप जात नाहीत.

रोजच्या जगण्यात या फायद्याचे रूप अगदी साधे असते. एखाद्या विशिष्ट यंत्रावर काम करणाऱ्या कारागिराचा कारखाना बंद पडला, तर मोठ्या शहरात घर न बदलता दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता असते. लहान गावात बिऱ्हाडच हलवावे लागते. दुर्मीळ आजाराच्या तज्ज्ञाला पुरेसे रुग्ण मिळायला काही लाखांची वस्ती लागते, म्हणून तो तिथेच बसतो. पती-पत्नी दोघांचेही व्यवसाय वेगळे आणि खास असतील, तर दोघांनाही काम मिळेल अशी जागा बहुधा मोठे शहरच असते. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच लिहून ठेवले आहे की, एका धंद्याची माणसे एका ठिकाणी जमली की त्या धंद्यातले बारकावे तिथल्या हवेतच असतात.

पण हे सगळे मिळते ते पोहोचता आले तरच. १९७० च्या दशकात वाहतुकीचे अभ्यासक याकोव झहावी यांनी आणि पुढे १९९४ मध्ये चेझारे मार्केट्टी यांनी दाखवून दिले की माणूस सरासरी दिवसाला सुमारे एक तास प्रवासाला देतो, साधन कोणतेही असो. जायला अर्धा, यायला अर्धा. आता गणित करा. ताशी ५ किलोमीटर चालणारा अर्ध्या तासात अडीच किलोमीटर जातो. त्याच्या आवाक्यातले वर्तुळ सुमारे २० चौरस किलोमीटरचे. ताशी २० किलोमीटर सरासरीने जाणारे वाहन असेल तर त्रिज्या १० किलोमीटर आणि वर्तुळ ३०० चौरस किलोमीटरच्या वर. वेग चौपट, आवाका सोळा पट. हेच उलटेही लागू पडते, आणि ते फारसे कुणी लक्षात घेत नाही: कोंडीमुळे वेग निम्म्यावर आला की आवाक्यातले शहर निम्मे होत नाही, पाव होते. तीन चतुर्थांश नोकऱ्या, शाळा, दवाखाने आवाक्याबाहेर जातात, आणि घरभाडे मात्र पूर्ण शहराचे भरावे लागते. कोंडलेल्या महानगरापेक्षा मध्यम आकाराचे, सुरळीत चालणारे शहर पुष्कळदा जास्त देते, ते यामुळे.

घर शोधताना म्हणूनच उंबरठ्यापासून कामाच्या टेबलापर्यंतचा वेळ मोजायला हवा. ‘स्टेशनपासून १० मिनिटे’ या जाहिरातीला तसा अर्थ नाही. घर ते स्टेशन ८ मिनिटे, वाट पाहणे ५, गाडीत २५, गाडी बदलायला ६, दुसऱ्या गाडीत १२, उतरल्यावर चालणे ९, लिफ्टची रांग ४: झाली ६९ मिनिटे, एका बाजूची. यातली गाडीत बसल्याची फक्त ३७. फोनवरच्या नकाशात वेळ पाहायची तर सुटीच्या दुपारी पाहू नका. मंगळवार किंवा बुधवार निवडा, कामावर हजर होण्याची वेळ घाला, आणि संध्याकाळचा परतीचा प्रवास वेगळा पाहा. तो बहुधा जास्त निघतो. शक्य असेल तर करार करण्यापूर्वी दोन-तीन कामाच्या दिवशी तो प्रवास प्रत्यक्ष करा.

वाट पाहण्याच्या वेळेत मोठी फसगत असते. बस सरासरी दर १० मिनिटांनी आहे म्हटल्यावर आपण ५ मिनिटे धरतो. बस वक्तशीर असतील तर ते बरोबर. पण समजा त्या एकदा २ मिनिटांच्या आणि एकदा १८ मिनिटांच्या अंतराने येतात. सरासरी तीच, १०. मात्र दहापैकी नऊ प्रवासी त्या लांबलचक १८ मिनिटांत थांब्यावर येतात आणि सरासरी ९ मिनिटे थांबतात. उरलेला एक जण १ मिनिट थांबतो. सरासरी प्रतीक्षा ८.२ मिनिटे. शिवाय हा दोष स्वतःच वाढत जातो. उशिरा आलेल्या बससाठी थांब्यावर जास्त माणसे साठलेली असतात, चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसेच नसतात, ती पुढचीला गाठते, आणि दोन्ही जोडीने येतात. म्हणून मार्गावर गाड्या किती, एवढेच विचारून भागत नाही. त्या ठरल्या अंतराने येतात का, हे विचारावे. आणि कामावर वेळेत पोहोचायचे तर सरासरी उपयोगाची नाही, दहा दिवसांतल्या वाईट दिवसाची वेळ धरावी.

आता भाडे. नगररचनेचे अभ्यासक विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये मांडलेला सिद्धांत आजही टिकून आहे: केंद्रापासून दूर जावे तसे घर स्वस्त होते, कारण तिथे राहणारा फरकाची किंमत प्रवासात मोजतो. लांबच्या घराने एका बाजूला ४५ मिनिटे वाढत असतील, तर दिवसाला दीड तास आणि महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ३३ तास. आठ तासांचे चार दिवस सहज गेले. वाहतूक अर्थशास्त्रात प्रवासाच्या तासाची किंमत साधारणपणे कमाईच्या तासाच्या निम्मी धरतात. दोन घरांची तुलना करताना भाडे, पास किंवा इंधन, आणि ३३ तासांची ही किंमत एका ओळीत लिहा. स्वस्त घर स्वस्त राहते का ते कागदावरच कळते. अर्थशास्त्रज्ञ आलोइस स्टुत्झर आणि ब्रूनो फ्राय यांना २००८ मध्ये जर्मनीच्या आकडेवारीत असे आढळले की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याविषयी कमी समाधानी असतात. स्वस्त वा मोठ्या घराने ती उणीव भरून निघत नाही. कारण समजण्यासारखे आहे. घर पाहायला गेल्यावर जादा खोली डोळ्यांसमोर असते, प्रवास नसतो. खोलीची सवय महिनाभरात होते. प्रवास रोज नवा त्रास देतो, कारण तो रोज वेगळ्या कारणाने लांबतो.

कुटुंबातल्या प्रत्येकाचे शहर वेगळे असते, हेही नीट पाहावे. कमावत्या माणसाचे वर्तुळ १० किलोमीटरचे असेल, पण सात-आठ वर्षांच्या मुलाचे आणि पंचाहत्तरीच्या आजोबांचे वर्तुळ जेमतेम पाचशे मीटरचे. त्यात सलग पदपथ, बसायला जागा, सावली, सुरक्षितपणे ओलांडता येईल असा रस्ता आणि एखादे मैदान नसेल, तर त्यांच्यासाठी महानगर म्हणजे चार भिंती. मोठ्या शहरातल्या एकाकीपणावर समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये आणि मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९७० मध्ये लिहिले आहे: चेहरे आणि प्रसंग इतके अंगावर येतात की माणूस बचावासाठी स्वतःला आखडून घेतो. त्यावर उपाय तेच तेच चेहरे वारंवार दिसण्याचा आहे, आणि तसे घडते ते चालत जाण्याच्या अंतरातच.

गोंगाट, हवा आणि उष्मा यांबाबत इमारतीची निवड शहराच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते. डेसिबलचे माप सरळ चढत नाही. रस्त्यावरची वाहने निम्मी झाली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. त्यामुळे ‘इथली वाहतूक कमी होणार आहे’ या आश्वासनावर झोपेची भिस्त ठेवू नका. इमारतीच्या मागच्या अंगाची खोली त्याहून कितीतरी जास्त शांतता देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्याच्या आवाजासाठी रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली. घर पाहायला दुपारी जातात. रात्री अकराला आणि पहाटे सहाला एकदा जा, खिडकी उघडून फोनवरच्या अॅपने मोजा. मोजमाप दोन-चार डेसिबलने चुकेल, पण दोन घरांची तुलना करायला पुरते. जवळ चढ, गतिरोधक, सिग्नल किंवा बसथांबा आहे का ते बघा, कारण ब्रेक आणि गिअरचा आवाज झोप मोडतो. खिडकीला जाड काच बसवण्याआधी चौकटीच्या फटी रबराने बुजवा. फट उरली तर काचेचा खर्च वाया जातो.

मोठ्या रस्त्यावरच्या वाहनांचा धूर पहिल्या शे-दीडशे मीटरमध्ये सर्वांत दाट असतो, म्हणून एक-दोन गल्ल्या आत गेले तरी फरक पडतो. उष्म्याचे म्हणाल तर हवामानाचे अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच केली होती: रात्री शहर भोवतालच्या भागापेक्षा सुमारे २ अंश सेल्सियसने गरम. दिवसभर तापलेले काँक्रीट आणि डांबर रात्री उष्णता सोडते. वरच्या मजल्याची उघडी गच्ची आणि पश्चिमेची भिंत असलेली शयनगृहे यात सर्वांत जास्त भाजतात. उंच इमारतीत वीज गेल्यावर लिफ्ट आणि पाण्याचा पंप किती वेळ चालतो, हेही विचारून ठेवावे.

चार दिवसांसाठी जाणाऱ्यांचे गणित वेगळे. लांबचे स्वस्त हॉटेल घेतले की दिवसाचे दोन-अडीच तास जातात. दोन मार्ग मिळतात अशा स्टेशनपासून चालत अंतरावर, थोडी लहान का होईना, खोली घ्यावी. एका दिवशी शहराचा एकच भाग. सामान घेऊन गर्दीच्या वेळी गाडी बदलू नये, आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सकाळीच पाहावे. मात्र अशा भेटीवरून तिथे राहायला जाण्याचा निर्णय घेऊ नये. पाहुणा शहराचा मध्य पाहतो, रहिवासी बहुतेक वेळ कडेला असतो.

हे सगळे एकेका कुटुंबाने करायचे. पण त्रासाचा मोठा भाग व्यवस्थेचा आहे, आणि व्यवस्था बदलता येते. १८५४ मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनमधल्या कॉलऱ्याचा माग एका हातपंपाच्या दूषित पाण्यापर्यंत नेला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीतल्या मैल्याची दुर्गंधी शहरभर पसरली, त्यानंतर तिथे नवी गटारे बांधली गेली. १८६६ ची साथ आली ती मुख्यतः पूर्वेकडच्या भागात, जिथे ते काम अपुरे होते. शहर तेच, पत्ता वेगळा. कोंडीबाबत सिंगापूरने १९७५ पासून, लंडनने २००३ पासून शहराच्या मध्यात शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क लावले. स्टॉकहोमने २००६ मध्ये आधी प्रयोग केला, मग सार्वमत घेतले आणि २००७ पासून ते कायम केले. शुल्काच्या सीमेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. उलट नुसते रस्ते रुंद करून काय होते, ते अर्थशास्त्रज्ञ जिल ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकेच्या आकडेवारीवरून २०११ मध्ये दाखवले आहे: मार्गिका जितक्या वाढतात, जवळपास तितकाच वाहनांचा प्रवास वाढतो. त्यामुळे पालिकेकडे मागायचे तर राखीव बसमार्गिका, ठरल्या अंतराने सुटणाऱ्या गाड्या आणि सलग पदपथ मागावेत.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणी आहे. घरांच्या जाहिराती आणि मालमत्ता पुरवणीत ‘स्टेशनपासून इतकी मिनिटे’ असे छापले जाते. त्याऐवजी कामाच्या दिवशी सकाळी आठ ते दहा या वेळेत शहरातल्या दोन-तीन मुख्य कार्यालयीन भागांपर्यंत घरापासून लागणारा वेळ, आणि तो कोणत्या तारखेला कसा मोजला हे, जाहिरातदारांना देणे बंधनकारक करावे. पुरवणीतल्या लेखांपासून सुरुवात आपण पुढच्या आठवड्यातही करू शकता.

आपला,
वाहतूक व नगररचनेचा एक अभ्यासक